गोदावरीत उतरलेलं यान

एकाहत्तर साली, गंगाखेडजवळच्या माझ्या सासुरवाडीला, मी सासऱ्यांची काहील आणि सासूबाईंचं लुगडं एकाच दुपारी गोदावरीत घातलं. दोन्ही विज्ञानासाठी!

मी परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. गुऱ्हाळाचे दिवस, म्हणून सुमनला, म्हणजे बायकोला, घेऊन रस प्यायला गेलो होतो. तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली. चंद्रावर गेलेले तिघे सुखरूप परतले, समुद्रात उतरले! मी उठून टाळ्याच वाजवल्या. (एकट्यानेच.)

“समुद्रात कशाला पडायलेत?” सासूबाईंनी विचारलं. “येवढं रान मोकळं हाय की!”

“पाण्यात धक्का कमी बसतो. आणि बरं का, चंद्रावर दोघंच उतरले. तिसरा वरच घिरट्या घालत होता.”

“दोघं कामाला अन् ह्यो नुस्ता फिरायलाय?” सासऱ्यांनी माझ्या हातातल्या रसाच्या पेल्याकडे बघितलं. “कुणाचा तरी जावई असंल!”

“पण दाजी,” मेहुणा दत्ता म्हणाला, “येवढं लोखंड बुडालं कसं न्हाई?”

झालं! माझ्यातला मास्तर खडबडून जागा झाला. समोरच रस उकळायची काहील धुऊन ठेवली होती. दोन माणसं आडवी होतील एवढी पसरट, लोखंडी! मी आणि दत्तानं ती ढकलत नदीत नेली आणि मी आत चढलो.

“बघा! तरंगते!”

दत्ता थक्क! इथंच थांबायला हवं होतं. पण यान पॅराशूटशिवाय कसं? काठावर सासूबाईंचं नऊवारी वाळत होतं. ते मागवलं, दोन टोकं धरून उभा राहिलो, आणि वारा सुटला! लुगडं टम्म फुगलं, काहील निघाली!

“जावईबापू, कुठं चाललाव?” सासरे काठानं धावत ओरडले. “रस तयार हाय! काहील माघारी आणा!”

“लुगडं सोडू नका!” सासूबाई.

“अहो, खाली बसा!” सुमन किंचाळली. चला, निदान बायकोला तरी माझी काळजी! तेवढ्यात तिनं वाक्य पुरं केलं, “आईचं लुगडं फाटंल!”

मला पोहता येत नव्हतं. दत्ता मदतीला पाण्यातून चालत आला. (चालत! हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.) त्यानं काहिलीची कड धरली, ती कलंडली, मी पाण्यात! “मेलो! बुडालो! सुमन!” मी हातपाय झाडत सगळ्या देवांना बोलावलं.

“दाजी,” दत्ता शांतपणे म्हणाला, “उभं राहा.”

उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढं!

काहील बैलांनी ओढून आणली, तोवर रस आंबला होता. लुगडं एका बाभळीला अडकलेलं सापडलं, ते बाभळीनं अर्धं ठेवून घेतलं. सासऱ्यांनी मात्र मला स्वतःचं कोरडं धोतर आणून दिलं. जावई ना!

संध्याकाळी पुन्हा बातम्या लागल्या. चंद्रावरून आलेल्या वीरांना, तिकडचे जंतू पसरू नयेत म्हणून, काही दिवस माणसांपासून वेगळं ठेवणार होते. सासऱ्यांनी लक्ष देऊन ऐकलं, रेडिओ बंद केला.

“दत्ता, दाजींची खाट गोठ्यात टाक.”

मी निमूट गेलो. म्हशीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि दाव्याला ताण बसेपर्यंत मागं सरकली!