रक्ताचा दोष

“आमच्या रक्तात असलं काय नाय.” खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मला हे सुनावलं. बोट सुनेकडे रोखलेलं.

बदलापुरात मी न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. खरवईचे हे आजोबा चार वर्षांच्या नातीला घेऊन आले होते. मागे मुलगा आणि सून. नात हसरी होती, पण तोंडातून एक शब्द नव्हता, आणि आत्ता कुठे भिंत धरून उभी राहायला लागली होती. आजोबांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नमस्काराला उत्तर नाही. पंखा जोरात लावला तरी बोलणार, मंद केला तरी बोलणार.

सुनेच्या मामाला स्किझोफ्रेनिया होता. लग्न ठरवताना ते कोणी सांगितलं नव्हतं. आजोबांना तेवढं पुरलं. “येड्याच्या घरातली पोर आणली आम्ही,” ते तिच्यादेखत म्हणत. ती मुलीची लाळ पुसत राही. मला ते आवडत नसत आणि मी ते लपवतही नसे.

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरांनी मुलीचं आणि आईवडिलांचं रक्त तपासलं. निकाल ऐकायला आजोबा मलाही घेऊन गेले. “तुम्ही तिच्याच बाजूच्या. तुमच्याच कानांनी ऐका.”

डॉक्टर म्हणाले, “टीसीएफ-फोर नावाचं एक जनुक असतं. पोटात बाळाचा मेंदू घडत असताना कुठल्या जनुकानं कधी कामाला लागायचं, हे त्यापासून बनणारं प्रथिन ठरवतं. हिच्यात त्या जनुकाची एक प्रत बिघडली आहे.”

मुलानं चाचरत मामाच्या आजाराचं विचारलं.

“त्या आजाराच्या अभ्यासातही या जनुकाचं नाव येतं,” डॉक्टर म्हणाले.

आजोबा उठलेच. “बघा. मी काय बोलत होतो?”

“नाव येतं म्हणून हे तिथून आलं असं होत नाही. हा बदल आईत नाही, वडिलांतही नाही. मुलीतच नव्यानं झालाय.”

आजोबा उभेच होते. खुर्चीची पाठ धरून म्हणाले, “मग भांडायचं कोणाशी?”

त्यानंतर थोड्याच दिवसांत सून नवऱ्याला आणि मुलीला घेऊन अंबरनाथ पश्चिमेला भाड्याच्या घरात गेली. तिथे सासऱ्यांना दार बंद. मग ते नातीच्या वेळेला माझ्याकडे येऊन बसू लागले. सून त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

एकदा दुसऱ्या एका मुलाच्या आजीनं सुनेला विचारलं, “तुमच्या माहेरी कोणाला आहे का असं?”

सुनेनं तोंड उघडण्याआधीच आजोबा त्या आजीवर खेकसले, “नाय. नवीन हाय ते. डॉक्टर बोललाय. तू तुझ्या घरचं बघ.”

सुनेनं मान वळवली नाही.

या वर्षी पावसाळा सरला आणि ते यायचे थांबले. मी विचारलं, तेव्हा सून म्हणाली, “गेले. झोपेतच गेले.”

मुलीचे बूट काढता काढता ती पुढे म्हणाली, “गावभर सांगत फिरायचे म्हणे, सुनेचा दोष नाय म्हणून. मला मात्र एकदाही सांगितलं नाही.”