सोनबाची सही
जैनबबाई निवृत्त झाल्या तेव्हा खडकीतल्या शेजाऱ्यांना वाटलं, तेहतीस वर्षं शाळेत ओरडलेला घसा आता जरा विसावेल. कसचं काय! बाई आठवड्यातून तीनदा तुरुंगात जाऊन कैद्यांना शिकवू लागल्या. तिथेही ओरडायच्याच. भलेभले आडदांड गडी त्यांच्यापुढे पाटी घेऊन गप्प बसायचे.

वजाबाकी शिकवायची त्यांची एकच रीत. आंब्या-पेरूंची गणितं नाहीत. ज्याने त्याने आजच्या तारखेतून आपल्या अटकेची तारीख वजा करायची. कात्रजपलीकडच्या सोनबाचं उत्तर आलं, एक वर्ष नऊ महिने. विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप, आणि खटला अजून सुरूही झाला नव्हता. बाईंनी वही दोनदा तपासली. अशा चोरीला फार तर तीन वर्षं शिक्षा, आणि तिच्या निम्मी मुदत खटल्याआधीच तुरुंगात गेली तर सुटका मागता येते, एवढा कायदा त्या श्यामसुंदर वकिलांकडून शिकल्या होत्या.

वकिलांनी फुकटात अर्ज लिहून दिला. सोनबा सवयीने अंगठा पुढे करू लागला, तशा बाई कडाडल्या, "सहा महिने मी काय भिंतीला शिकवलं? सही कर."

त्याने जिभेचं टोक बाहेर काढून सही केली. बाईंना कोण अभिमान वाटला.

आणि तिथेच माशी शिंकली. आधीच्या सगळ्या कागदांवर सोनबाचा अंगठा होता. ही सही भलत्याच कुणाची तरी असेल, अशी शंका निघाली आणि सुनावणी तीन आठवडे लांबली.

"शिक्षणाने माणूस पुढे जातो म्हणतात, बाई," वकील शांतपणे म्हणाले. "आपली तारीख गेली."

बाईंना अन्न गोड लागेना. आपल्या हौसेपायी एक माणूस तीन आठवडे जास्त आत राहिला, हे त्यांना फार लागलं. तास मात्र त्यांनी चुकवला नाही. सोनबाच त्यांना म्हणाला, "बाई, जिवाला लावून घिऊ नका. रोज धा डाव गिरवतो म्या."

तीन आठवड्यांनी सुनावणीत न्यायाधीशांनी कोरा कागद पुढे केला. सोनबाने वर्गातल्यासारखी आधी तारीख घातली, मग नाव, बापाचं नाव, आडनाव. मागच्या बाकावर बाई मान उंचावून बसल्या होत्या. कागद पाहून न्यायाधीशांनी त्याला स्वतःच्याच लेखी हमीवर सोडायचा हुकूम दिला.

हमीच्या कागदासोबत कारकुनाने शाईचा पॅडही पुढे सरकवला. सोनबाने तो अदबीने मागे सारला.

"साहेब," तो म्हणाला, "पेन हाय का?"