सुदामकाकांच्या गाळ्यातला समुद्र

आमचं संशोधनाचं जहाज बंदराला लागलं आणि मी सगळ्यांच्या आधी एसटीडी बूथ गाठला. आईने फोन उचलून पहिल्यांदा "जेवलीस का?" विचारलं, तेव्हाच ती काहीतरी लपवतेय हे मी ओळखलं. "सुदामकाका गेले गं... अठरा दिवस झाले. तुला समुद्रात कसं कळवणार?" याला आता दीड महिना होतोय. तेव्हा नुसतंच रडले होते, आज जरा नीट लिहिता येईल.

सुदामकाका आमचे अंबरनाथच्या बुवापाड्यातले शेजारी. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या गाळ्यात ते काचकाम करायचे. शोकेस, आरसे, माशांच्या टाक्या. शाळा सातवीपर्यंत, पण मी एम.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा अख्ख्या चाळीत एकट्या त्यांनीच विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकतेस?" मी सांगितलं की, समुद्राच्या उतारावर साठलेला गाळ कधीतरी घसरतो, पाण्यात मिसळून जड होतो आणि तळ धरून धावत सुटतो. वाटेत दऱ्या कोरतो. खोल सपाटीवर त्याचा जोर संपला की आधी जाड वाळू खाली बसते, मग बारीक, शेवटी माती. ते ऐकतच राहिले. "आणि वर कोणाला पत्ताच नाय?" म्हणाले.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "गाळ शिकून पोरगी गाळात जाणार." त्यांनी एका कंपनीत माझ्यासाठी पॅकिंगची नोकरी बोलून ठेवली होती. कॉलेजातल्या माझ्या सरांनी प्रबंध मंजूर केला नाही तर शिक्षण बंद, असं घरात ठरलं होतं. आणि सरांची अट अशी, की गाळाचा लोंढा डोळ्यांना दिसला पाहिजे. कॉलेजात तेवढी टाकी नव्हती. काकांनी उरलेल्या काचा जोडून आठ फुटांची टाकी केली, आत उतार बसवला. शेठ बघून म्हणाला, "सुदाम, मछली किधर है?" काका म्हणाले, "मछली नाय शेठ, इसमें समुंदर डालनेका है."

टाकी हलवणं शक्य नव्हतं, म्हणून सरच गाळ्यात आले आणि खोक्यावर बसले. समुद्र म्हणजे खारंच पाणी हवं, हा माझा हट्ट. आठ किलो जाडं मीठ आणलं तेव्हा वाण्याने विचारलं होतं, "लोणचं घालताय काय?" मी ऐटीत बादलीतला गढूळ पाण्याचा लोंढा सोडला... आणि तो बुडेचना! खाऱ्या पाण्यावर सायीसारखा पसरला. मला ती पॅकिंगची खोकी दिसायला लागली. मी म्हटलं, "राहू दे सर, चुकलं माझं."

"राहू दे कशाला?" काका बाही वर सारत म्हणाले. "पातळ झालंय, पोरी. खाली जायला अंगात वजन नको का? घट्ट कालव." विहाराला जयंतीसाठी रंग दिला होता, त्यातली उरलेली नीळ त्यांनी बादलीत टाकली, कोपरापर्यंत हात घालून चिखल कालवला आणि मला म्हणाले, "आता तूच ओत." निळा लोंढा सरळ खाली गेला आणि उताराला चिकटून डोकं काढत तळावरून धावत सुटला. सर खोक्यावरून उठून गुडघ्यांवर बसले. मग विचारलं, "पहिला का तरंगला?" गोडं पाणी हलकं, गाळ थोडा, म्हणून खाऱ्यावर चढला, हे मी बरोबर सांगितलं. सर म्हणाले, "आधी हे लिहा. चुकलेलंही लिहा." प्रबंध मंजूर झाला. मी समुद्रावर गेले ती त्या दुपारमुळे. हे ऋण मी मोठेपणासाठी सांगत नाही, आनंदाने सांगते.

पहिल्या सफरीहून मी त्यांना तळातला मूठभर गाळ आणून दिला होता. तो त्यांनी पाणी घालून बरणीत ठेवला. पाहुणा आला की बरणी हलवायची, चहा होईस्तोवर थर बसलेले दाखवायचे आणि सांगायचं, "आमच्या पोरीने आणलाय."

परवा बुवापाड्यात गेले. फळीवर ती बरणी होती. खाली वाळू, वर माती, अगदी रेघ मारल्यासारखी. सवयीने मी हात पुढे केला, तशी काकूंनी माझं मनगट धरलं.

"हलवू नको गं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या सकाळी ह्यांनी हलवली होती. ह्यांच्या हातचा बसलाय तो."