मोठ्या दातांचा कंगवा

आईचा उजवा हात लकव्यानं गेला, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याचं, खाण्याचं, गोळ्यांचं सगळं समजावून सांगितलं. केसांचं कोणी काही बोललं नाही. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि एका हातानं ते विंचरता येत नाहीत.

कापून टाकू, असं वहिनीनं लगेच सुचवलं. तिचंही खरं होतं. शेत, गुरं, घर सांभाळून सासूचा गुंता सोडवायला तिला वेळ कुठला? आई नुसती वेणीवर डावा हात ठेवून बसली. मग मीच म्हटलं, दर रविवारी मी येत जाईन. जळगावहून बसनं एरंडोल आणि तिथून रिक्षानं गाव, एवढं काही लांब नाही.

आईकडं होती ती लाकडी फणी, दोन्ही बाजूंनी बारीक दातांची. उवांसाठी ठीक, लांब केसांना शिक्षाच. जळगावच्या बाजारात मी इतके कंगवे हाताळले की दुकानदार कंटाळला. प्लास्टिकच्या दातांवर साच्याची बारीक धार राहते. गालावरून फिरवला की ती कळते, आणि केस तिथंच अडकून तुटतात. शेवटी कडुनिंबाचा, मोठ्या विरळ दातांचा घेतला. हा तर घोड्याला लागेल, दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, द्या.

लांब केस खालून विंचरायचे. आधी टोकाकडचा वीतभर भाग, तो मोकळा झाला की त्याच्या वरचा. गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत पोचत नाही. घाई केली की वाट लागते. सगळं होईपर्यंत तास तरी जायचा आणि तेवढा वेळ आई बोलायची. तोंड वाकडं झाल्यापासून ती चारचौघांत बोलत नसे. माझ्याकडं पाठ असायची म्हणून जमत असावं. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, असलंच काहीतरी. मी नुसती हूं हूं करायची. त्या दिवसांत मला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. ऑफिसात जायची, घरी यायची, जेवले की नाही तेही कधीकधी आठवायचं नाही. रविवारचा तो तास तेवढा मला हवा असायचा.

कंगव्यात आलेले केस बोटाला गुंडाळून मी दारामागच्या पिशवीत टाकायची. आमच्याकडं केस फेकत नाहीत. मोटारसायकलवर भोंगा लावून केसवाला येतो आणि केसांच्या बदल्यात भांडी देतो.

गेल्या महिन्यात गेले, तर आई ओट्यावर बसलेली. मान उघडी दिसली. केस खांद्याच्या वर सरळ कापलेले. वहिनीनं चहा आणला आणि सहज सांगितलं की वेणीवर चांगलं जाड बुडाचं पातेलं मिळालं, हा चहा त्यातलाच. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी चहा प्यायले. साखर जरा जास्त होती.

वहिनी आत गेल्यावर आईला विचारलं, कापायला कोणी सांगितलं?

"मीच सांगं," आई म्हणाली. "तुन्हा बठ्ठा रविवार वाया जास."

वेणीवर हात ठेवून बसलेली ही बाई, आणि तिनं माझा रविवार वाचवला होता. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. माझ्या पिशवीतून कंगवा काढून मी तिच्या मागं जाऊन बसले. मानेवरचे चार केस, बघता बघता विंचरून झाले. नव्या पातेल्यावर वहिनी राख घासत होती, त्याचा आवाज येत होता.

आई तशीच पाठमोरी बसून होती. म्हणाली, "आते तू कशाले येशी?"

"मान हालवू नको," मी म्हटलं. "अजून गुंता शे."

गुंता कुठंच नव्हता. मी पुन्हा खालून सुरुवात केली.