कासेचा मलम

बेलापूरकडच्या एका वाडीतलं ते प्रकरण काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. पोलिसातली नोकरी संपली, गुडघे गेले, ते मात्र तसंच आहे.

सकाळची दूध घालायची वेळ होती. संकलन केंद्र चालवणाऱ्या तरुणावर तोंडाला फडकं बांधलेल्या माणसानं गोळी झाडली. पोरगा जागेवर गेला. शेजारी उभी असलेली त्याची आई मारेकऱ्याच्या अंगावर धावली. त्यानं तिच्या छातीला पिस्तूल लावून चाप ओढला. नुसता खट्ट आवाज झाला. न पेटलेलं काडतूस खाली पाडून तो मोटारसायकलवरून पळाला.

पंचनाम्यात काडतूस सील करण्याआधी मी ते नाकाशी नेलं. हळद-कापराचा ओळखीचा वास! आमच्याही घरी जनावरं होती. धार काढताना गाईच्या कासेला लावतात, तो मलम.

आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, दुधाचं गाव हाय. हितं समद्यांच्याच हाताला ह्यो वास."

बोलणं खोटं नव्हतं. पण प्रयोगशाळेचा अहवाल आला. काडतुसाची पुंगळी एकदा वापरलेली, पुन्हा भरलेली, आणि मलम आत उतरून दारू निकामी झालेली. म्हणजे मलम वाडीतल्या कुणाच्या हाताचा नव्हता, काडतूस भरणाऱ्याचा होता.

खबऱ्यांना कामाला लावलं. सुप्याहून एकाचा फोन आला. "सायेब, एक टर्नर हाय, लेथवर काम करतो. भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. गाय न्हाई, शेळी न्हाई, अन् कासेच्या मलमाचे डबे नेतो."

टर्नरला ठाण्यात आणला. पन्नाशीचा, मवाळ माणूस. म्हणाला, "हात फुटत्यात सायेब, म्हणून लावतो."

"हात पुढं कर."

तळव्यांना भेगाच भेगा. मलमाचं बोटही कधी लागलेलं नव्हतं. झडतीत खोलीतून पुंगळ्यांची पिशवी निघाली, तेव्हा गडी बोलता झाला.

"पुंगळी साच्यात अडकती, म्हणून वरून मलम लावायचा. मागनं पुसायचा असतो. येक ऱ्हायली आसंल." मग मान खाली घालून म्हणाला, "माज्याकडनं असं कदी व्हत न्हाई. लई काळजीनं करतो मी."

अरे, काय म्हणावं या माणसाला! एक पोरगा मेला होता, आणि हा न उडालेल्या गोळीसाठी ओशाळला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हात पाठीमागे धरून उभा राहिलो, नाहीतर उचलला गेला असता. गिऱ्हाइकाचं नाव त्यानं मुकाट्यानं दिलं. वाडीतलाच निघाला, दूध केंद्रावरून वैर धरलेला. पोराच्या तिरडीला त्यानं खांदाही दिला होता.

त्या माउलीला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. जबाब झाल्यावर तिनं विचारलं, "सायेब, माज्यावरची गोळी का वं न्हाई उडाली?"

खोटं सांगवेना. मलमाचं सगळं सांगितलं.

तिनं पदराचं टोक पिळलं. "म्हंजे माजी तेवढी पुसायची ऱ्हायली," ती म्हणाली. "आन् माज्या लेकराची नीट पुसली."

तेव्हापासून अमका माणूस काम फार चोख करतो असं कुणी कौतुकानं सांगितलं, की मी आधी विचारतो, कसलं काम?