खिडकीखालचा बोर्ड

टीचरला अख्खी गल्ली टीचरच म्हणे, सख्खा दीरही. सव्वीस वर्षं ती पुढच्या खोलीत मुलांना कीबोर्ड शिकवत होती, आणि सव्वीस वर्षं चुकीचा सूर आला की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करत होती. एका मुलाच्या आईला तिने सांगितलं होतं, "बोटं छान आहेत हो. कान मात्र देवाने नुसते चष्मा अडकवायला दिलेत." ती शिकवणी तुटली. टीचरला फारसं वाईट वाटलं नाही. वाक्य चांगलं जमलं होतं.

नवरा गेला, मग शिकवण्याही एकेक करून गळायला लागल्या. अशात मोठ्या शाळेत संगीताची जागा निघाली. मुख्याध्यापिका शनिवारी चार वाजता घरी येऊन वाजवणं ऐकणार होत्या. टीचरच्या वयाला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. सभागृहाला पुरेल असा आवाज ऐकवावा म्हणून तिने एक जुना, दणकट स्पीकर आणून जोडला.

स्पीकर म्हणाला, घुंऽऽऽ.

एकही पट्टी दाबली नव्हती. आवाज वाढवला तर भिंतीत गांधीलमाश्यांचं पोळं असल्यासारखं वाटे.

टीचरने हेडफोन लावून पाहिले: सूर स्वच्छ. म्हणजे कीबोर्ड निर्दोष. मधली वायर कीबोर्डमधून उपटली: स्पीकर गप्प. म्हणजे तोही निर्दोष. वायर बदलली, ट्यूबलाइट घालवली, मोबाइल स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. काही नाही. एकेकटे सज्जन, एकत्र आले की कटकट. टीचरला हा प्रकार नवा नव्हता. ती याच घरात सून म्हणून आली होती.

मग दोष उरला भिंतीपलीकडे, धाकट्या जावेकडे.

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी दिवाणखान्याच्या मधोमध भिंत घातली, मीटर वेगळे केले. घाईत एक राहून गेलं. खिडकीखालचा बोर्ड टीचरच्या बाजूला आला, पण त्याची वीज धाकटीच्याच मीटरवरून येत राहिली. नवरा म्हणाला होता, "उद्या वायरमनला सांगतो." टीचर म्हणाली, "राहू द्या हो. सासूबाईंचं कपाट त्यांनी ठेवून घेतलं, तेव्हा कुणी उद्या म्हणालं?" तेव्हापासून इस्त्री, पंखा, जे जे वीज खाईल ते खिडकीखाली लागत होतं. स्पीकरही तिथेच लागला. विचार करावाच लागला नाही. हात आपोआप तिकडे गेला.

शनिवारी सकाळी ती खिडकीतून ओरडली, "तुझ्या फ्रिजने माझा आवाज बिघडतोय. बंद कर तो!"

तीन वाजता सभांना माइक पुरवणारा साउंडवाला आला, आणि त्याच्यामागोमाग, मजा बघायला, धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"फ्रिज सकाळपासून बंद आहे बरं का, ताई. दूध नासलं. तुमची म्हैस अजून हंबरतेच आहे."

"दूध तुझ्या घरात तसंही टिकत नाही. तू बघतेस ना त्याच्याकडे."

साउंडवाला दोन्ही वायरी बोटाने धरत प्लगांपर्यंत गेला. "बाई, कीबोर्ड या बोर्डावर, स्पीकर त्या खिडकीखालच्या. दोन्ही एकाच मीटरवरचे का?"

"का?" टीचरने विचारलं.

"वेगळे असतील, तर दोन्हीकडचं अर्थिंग जुळत नाही. मधल्या वायरीतून तेच घुमतं. दोन्ही प्लग एका मीटरवर लावले की संपलं. पण एकाच मीटरवर असतील, तर स्पीकर खोलावा लागेल. दोन दिवस जातील."

घड्याळात साडेतीन. एकाच मीटरवर आहेत म्हणावं, तर चार वाजता हेच हंबरणं. खरं सांगावं, तर दारात धाकटी.

"वेगळे आहेत," टीचर म्हणाली.

धाकटीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे. "तो खिडकीखालचा कुणाच्या मीटरवर आहे?"

"घरात मीटर दोनच आहेत. मोज."

"पाच वर्षं?"

"साडेपाच," टीचरने सुधारलं. चुकीचं मोजलेलं तिला कधीच सहन होत नसे.

साउंडवाल्याने स्पीकरचा प्लग काढून कीबोर्डशेजारी लावला. घुमणं थांबलं. धाकटी एक शब्दही न बोलता निघून गेली. तिच्या शिव्या टीचरला पाठ होत्या. गप्प बसणं नवीन होतं.

चार वाजता मुख्याध्यापिका पंख्यासमोर बसल्या. टीचरने पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झाला. आत काही नसावं. रिकामं भांडं नुसतं किंचाळत होतं. टीचर थांबली नाही. तिने आवाज वाढवला. मिक्सरही वाढला. तिने डावा हात जोरात घातला.

"हे काय आहे?" मुख्याध्यापिका ओरडल्या.

"माझी जाऊ!" टीचर वाजवता वाजवता ओरडली.

तुकडा संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग टीचरच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आमच्या पाचवीत पन्नास मुलं आहेत. आधीचे सर तिसऱ्या दिवशी रडत गेले. सोमवारपासून याल?"

"येते!" टीचर म्हणाली, ती भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मिक्सर थांबला. पलीकडे मेन स्विच खटकन पडला आणि खिडकीखाली लावलेल्या पंख्याची पाती मंदावत मंदावत थांबली.

"वीज गेली का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

टीचरने एक पट्टी दाबली. सूर स्वच्छ आला.

"त्यांची गेली," ती म्हणाली. "माझी आहे."