कौतुक न करणाऱ्या बाई

पडल्यापासून आई चालायला भ्यायची, म्हणून तिला नवी पेठेतल्या फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेलं. मी आधी भिंतीवरची पदवी निरखून वाचली. "झाली का वाचून?" बाईंनी विचारलं.

या बाई कुणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. आई कण्हली की म्हणतात, "दुखतंय व्हय? दुखणारच की!" मी तिला धरायला उठलो, तर मलाच दटावलं, "तुमी गप बसा. पाय त्यांचे हायत."

परवा आई आधाराशिवाय दारापर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या.

"अजून वाकून चालताय," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. मग दार उघडून बाहेर बसलेल्या पेशंटांना हाक मारली, "आत या की सगळे! ह्या आजी कशा चालत्यात, बघा!"

सगळे आत आले. आईने पदर सावरला आणि कुणी न सांगता आणखी एक फेरी मारली.